मराठी मीडियममधून बंगळुरूला आलात? रोजचं इंग्रजी न घाबरता, स्पष्ट बोलायची तयारी अशी करा

सांगली, लातूर, जळगाव, अकोला, कुठूनही मराठी माध्यमात शिकून नोकरीसाठी नाहीतर लग्न होऊन बंगळुरूला आलेल्यांसाठी हे लिहितेय. पुण्या-मुंबईत अडलं तर मराठी असतं, नाहीतर हिंदी असतं, इथे तसं होत नाही. कन्नड लगेच येत नाही, हिंदी सगळीकडे चालत नाही, मग सोसायटीच्या ऑफिसपासून डॉक्टरपर्यंत इंग्रजीच बोलावं लागतं. आणि बहुतेकांचं असं असतं की इंग्रजी येत नाही असं काही नाही, पेपर वाचता येतो, ईमेल लिहिता येतो, समोरचा काय म्हणतोय तेही बऱ्यापैकी कळतं, फक्त बोलायची वेळ आली की शब्द सापडत नाहीत आणि आवाज बारीक होतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे लोक अख्ख्या देशात तीन लाखसुद्धा नव्हते, आणि दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी सांगणारे होते बारा कोटींच्या वर. म्हणजे बँकेच्या काउंटरवरची बाई, घरमालक, मुलाच्या शाळेतली टीचर, तुमचा मॅनेजर, जवळपास सगळ्यांनीच इंग्रजी शिकूनच घेतलंय. कुणी तेलुगू घरातलं, कुणी मल्याळी, कुणी बंगाली. महाराष्ट्रात सरकारी आणि मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, त्याआधीच्या आपल्या सगळ्यांची एबीसीडी पाचवीत सुरू झाली, त्यामुळे उशीर झाला असेल तर तो शाळेच्या वेळापत्रकामुळे झाला, तुमच्या डोक्यात काही कमी आहे म्हणून नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की सगळं ग्रामर पक्कं होईपर्यंत थांबू नका आणि फाडफाड बोलायच्या मागे तर अजिबात लागू नका. रोजच्या जगण्यात इंग्रजी लागतं ते मोजक्याच प्रसंगांना, आणि ते प्रसंग पुन्हा पुन्हा तेच येतात. ते तयार करायचे, सावकाश बोलायचं, वाक्य पूर्ण करायचं. कॉन्फिडन्स नंतर आपोआप येतो, कारण तो तयारीतूनच येतो, आरशासमोर उभं राहून स्वतःला धीर देऊन येत नाही.

पहिली पायरी: तुमचे प्रसंग लिहून काढा

एक वही घ्या आणि आठवडाभर फक्त नोंद ठेवा की इंग्रजी कुठे कुठे लागलं. डिलिव्हरीवाल्याला पत्ता सांगताना, कस्टमर केअरला फोन करताना, डॉक्टरकडे, घरमालकाशी, पॅरेंट-टीचर मीटिंगला, ऑफिसात सकाळी कालचं काम सांगताना. यादी करून बघा, सात-आठच्या वर प्रसंग निघणार नाहीत. गृहिणी असाल तर यादी वेगळी, सॉफ्टवेअरमधे असाल तर वेगळी, म्हणून दुसऱ्याची यादी किंवा बाजारातली तयार वाक्यं पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. विमानतळावरचे संवाद पाठ करणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांना रोज भांडायचं असतं ते पाण्याच्या टँकरवाल्याशी.

मग प्रत्येक प्रसंगाला तुम्ही काय म्हणाल ते आधी मराठीत लिहा. हो, मराठीत. नक्की काय म्हणायचंय हेच ठरलेलं नसतं, म्हणून कितीतरी वेळा आपण अडतो आणि दोष इंग्रजीला देतो.

दुसरी पायरी: काम आधी सांगा, कारण नंतर

ही सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. आपण मराठीत बोलताना आधी पार्श्वभूमी सांगतो आणि मागणी शेवटी येते. "अहो ते काय झालं, काल आमच्याकडे पाहुणे आले अचानक, मग मला निघता नाही आलं, आणि आज पण मुलाची शाळा आहे, तर म्हटलं अपॉइंटमेंट उद्याची होईल का." मराठीत हे छान वाटतं, ऐकणारा हं हं करत शेवटपर्यंत येतो. हेच इंग्रजीत तसंच्या तसं करायला गेलं की पहिल्या दोन वाक्यांतच आपण काळ, क्रियापद यात अडकतो, पाहुण्यांना गेस्ट म्हणायचं की रिलेटिव्ह यावर थबकतो, आणि समोरच्याला अजून कळलेलंच नसतं की फोन कशासाठी केलाय.

उलट करा. "हॅलो, आय वॉन्ट टू चेंज माय अपॉइंटमेंट. इट वॉज फॉर यस्टरडे. कॅन आय कम टुमारो?" संपलं. कारण विचारलं तरच सांगायचं आणि तेही एका वाक्यात, "वी हॅड गेस्ट्स ॲट होम." लहान वाक्यं म्हणजे कच्चं इंग्रजी असा आपला उगीच समज आहे, "विच", "दॅट", "बिकॉज" जोडत जोडत लांबवलेलं वाक्य मधेच तुटण्यापेक्षा तीन छोटी पूर्ण वाक्यं कधीही चांगली.

अजून एक. मराठीत मान क्रियापदातच असतो, "द्या", "सांगा", "बघा ना" म्हटलं की झालं. इंग्रजीत नुसतं "गिव्ह मी द फॉर्म" म्हटलं तर ते "दे" सारखं ऐकू येतं, तुमच्या मनात कितीही आदर असला तरी. म्हणून मागताना "कॅन आय हॅव", "कुड यू प्लीज" याची सवय लावून घ्या, ही दोन सुरुवाती तोंडात बसल्या की अर्धी कामं भागतात.

तिसरी पायरी: अडल्यावर काय बोलायचं ते आधी पाठ करा

भीती खरी कशाची असते तर समोरचा काय बोलला ते कळलं नाही तर काय, याची. मग आपण मान हलवून "यस यस" म्हणतो आणि नको त्या गोष्टीला हो म्हणून बसतो. त्यापेक्षा ही वाक्यं झोपेतून उठवलं तरी यायला हवीत:

"सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट. कुड यू से इट अगेन?"
"अ लिटल स्लोली, प्लीज."
"डू यू मीन आय हॅव टू कम अगेन?" (आपल्याला जे कळलं ते असं परत विचारून खात्री करायची, हे फार कामाचं आहे.)
"वन मिनिट, लेट मी थिंक."
"आय डोन्ट नो द वर्ड, इट इज लाइक..." आणि मग वर्णन करायचं. गाळणी म्हणजे काय आठवत नाही? "द थिंग फॉर फिल्टरिंग टी." दुकानदार काढून देतो.

पुन्हा विचारण्यात कमीपणा काही नाही. जन्मापासून इंग्रजी बोलणारेही फोनवर दहादा "सॉरी?" म्हणतात.

डॉक्टरकडे

हा प्रसंग मी वेगळा काढला कारण इथे चुकीचं सांगितलं तर नुकसान होतं. आपल्याकडे दुखण्याला किती शब्द आहेत, ठणका, कळ, चमक, जळजळ, मुरडा, आणि इंग्रजीत गेलो की सगळ्याचं फक्त "पेनिंग" होतं. डॉक्टरला तर नेमका फरकच हवा असतो. ठणकतंय किंवा ठसठसतंय तर "थ्रॉबिंग पेन". चमक निघते किंवा एकदम कळ येते तर "शार्प पेन". जळजळतंय तर "बर्निंग". पोटात मुरडा येतोय तर "क्रॅम्प्स". मुंग्या येतात तर "टिंगलिंग", बधिर झालंय तर "नम्ब". मळमळतंय तर "आय फील लाइक व्हॉमिटिंग" सरळ म्हणा, कळतं. गरगरतंय तर "आय फील डिझी".

मग तीन गोष्टी क्रमाने. कुठे, कधीपासून, कशाने वाढतं. "आय हॅव अ शार्प पेन हिअर. इट स्टार्टेड ऑन मंडे. इट गेट्स वर्स व्हेन आय क्लाइंब स्टेअर्स." बोट ठेवून दाखवा, गुडघ्याच्या मागे, बरगडीखाली हे शब्द शोधत बसू नका. "सिन्स थ्री डेज" आपल्याकडे सगळे म्हणतात आणि इथल्या डॉक्टरला कळतंही, पण बरोबर हवं असेल तर दिवसांची संख्या सांगताना "फॉर थ्री डेज" आणि वार सांगताना "सिन्स मंडे". चालू गोळ्यांची नावं आणि ॲलर्जी कागदावर लिहून न्या आणि कागदच पुढे करा, तिथे बोलण्याची परीक्षा देऊ नका.

घर बघताना

बंगळुरूत डिपॉझिट महाराष्ट्रापेक्षा बरंच जास्त मागतात, पाच-सहा महिन्यांचं भाडं सहज, काही ठिकाणी दहा महिन्यांचं. एवढे पैसे अडकणार तर प्रश्न नीट विचारता आलेच पाहिजेत. "इज मेंटेनन्स इन्क्लूडेड इन द रेंट?" "इज इट कावेरी वॉटर ऑर बोअरवेल?" (म्हणजे नळाला येणारं कावेरीचं पाणी की बोअरचं.) "हाउ मच विल यू डिडक्ट फॉर पेंटिंग?" हा शेवटचा विसरू नका, सोडताना पेंटिंगचे म्हणून बऱ्याचदा एक महिन्याचं भाडं कापतात. "लॉक-इन पिरियड" म्हणजे त्याआधी सोडलं तर दंड, "नोटीस पिरियड" म्हणजे किती आधी सांगायचं. आणि फोनवर जे ठरलं ते लगेच व्हॉट्सॲपवर एका ओळीत टाका, "ॲज डिस्कस्ड, डिपॉझिट इज सो मच, पेंटिंग चार्ज इज सो मच." ("सो मच" च्या जागी ठरलेला आकडा टाकायचा.) बोलताना काही निसटलं असेल तर इथे पकडलं जातं.

उच्चार: काय सोडून द्यायचं, काय धरायचं

इंग्रज किंवा अमेरिकनांसारखं बोलायचं नाहीये. आपला मराठी हेल राहू दे. फक्त शब्दाचा अर्थ बदलतो तिथे लक्ष द्यायचं.

आपल्याला काही गोष्टी आयत्या मिळाल्यात. "बॅट" आणि "बॉल" मधले ॲ आणि ऑ मराठीत लिहिताही येतात आणि बोलताही येतात, त्याचा फायदा घ्या. "हॉल" वेगळा आणि "होल" वेगळा, "कॉस्ट" वेगळी आणि "कोस्ट" वेगळा. व आणि व्ह पण आपण लिहिताना वेगळे लिहितो, बोलताना मात्र एकच करतो. "वेट" म्हणताना ओठ गोल होतात, "व्हेट" म्हणजे जनावरांचा डॉक्टर म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात. "झीरो", "झू" साठी "जहाज" मधला ज जवळचा आहे, "जेवण" मधला नाही.

जिथे आपण घसरतो ते ऱ्हस्व-दीर्घ. "लिव्ह" म्हणजे राहणं, "लीव्ह" म्हणजे सोडून जाणं किंवा रजा. "आय लिव्ह इन मारतहळ्ळी" हे लांबवलं तर मारतहळ्ळीत रजेवर असल्यासारखं होतं. पेन आणि दुखणं या दोन्हीला आपण एकच "पेन" म्हणतो, दुखण्याचा "पेइन" असा किंचित लांबवा. "लेट" चंही तेच, उशीर झाला तो "लेइट".

थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी ही तर रोजची पंचाईत. "टीन" वर जोर द्या आणि लांबवा, आणि पैशांचा विषय असेल तर सरळ आकडे फोडून सांगा, "फिफ्टीन, वन फाइव्ह."

आपण मराठीत जसं लिहिलंय तसं वाचतो, ती सवय इंग्रजीत काही शब्दांना नडते. पावतीत पी असतो पण बोलायचं "रिसीट". कर्जात बी असतो पण बोलायचं "डेट". विमानातली मधली वाट "आइल", त्यातला एस बोलत नाहीत. हॉटेलातला मोठा सूट "स्वीट". अशा शब्दांची वेगळी यादी ठेवा आणि केम्ब्रिज डिक्शनरीच्या साइटवर स्पीकरचं चिन्ह दाबून ऐका. आणि जोर कुठे द्यायचा तेही तिथेच ऐका, "डेव्हलप" मधे जोर पहिल्यावर नाही, "व्हे" वर आहे, जोर चुकला की शब्द ओळखू येत नाही, मग आपण तोच शब्द मोठ्याने परत म्हणतो आणि तो तसाच चुकतो.

नकार स्पष्ट ऐकू गेला पाहिजे

"आय कान्ट कम" मधला शेवटचा टी गिळला गेला की ते "आय कॅन कम" होतं. फोनवर तर हमखास. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी "कॅनॉट", "डिड नॉट", "हॅज नॉट" असं पूर्ण म्हणा.

आणि नकारार्थी प्रश्नाला नुसतं यस-नो कधीच देऊ नका. कस्टमर केअरवाला विचारतो, "यू डिड नॉट रिसीव्ह द ओटीपी?" आपण मराठीच्या सवयीने "हो, नाही आला" म्हणून "यस" म्हणतो आणि तो समजतो आला. सरळ पूर्ण वाक्य बोला, "आय डिड नॉट रिसीव्ह इट." तसंच "परवा" सांगताना तारीख सांगा, आणि तारीख सांगताना महिन्याचं नाव घ्या, कारण अमेरिकेत महिना आधी लिहितात, ५/८ म्हणजे त्यांना ८ मे. त्यांच्याशी पैशांचं बोलत असाल तर लाख-कोटी चालत नाही, १० लाख म्हणजे १ मिलियन, १ कोटी म्हणजे १० मिलियन.

नाव सांगताना आपल्या लोकांची फार तारांबळ होते. ज्ञानेश्वर, क्षितिजा, कुळकर्णी ही नावं बाहेरच्याला ऐकून लिहिता येत नाहीत, त्यात त्याचा दोष नाही. आधी नाव एकदा सावकाश म्हणा, मग "आय विल स्पेल इट", मग दोन-दोन तीन-तीन अक्षरांचे तुकडे. डी, बी, पी, टी फोनवर सगळे सारखेच ऐकू येतात म्हणून "डी फॉर डेल्ही, एन फॉर नागपूर, वाय फॉर येलो". इथे एचला बरेच लोक "हेच" म्हणतात, दचकू नका. हे तुकडे घरी दहा वेळा म्हणून ठेवा, स्वतःचं नाव, पत्ता आणि मोबाईल नंबर अडखळत सांगितला की पुढचं सगळं बोलणंच डळमळतं.

सराव, पण रोजचा आणि मोठ्याने

मनातल्या मनात बोलण्याने काही होत नाही, जिभेला सवय लागत नाही. रोज दहा-पंधरा मिनिटं पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचा, पूर्णविरामाला खरंच थांबा. मग पेपर बाजूला ठेवून तीच बातमी तीन वाक्यांत सांगा. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या ऐका, त्यातलं इंग्रजी आपल्या कानाला जवळचं आणि स्पष्ट असतं. यूट्यूबवर काही ऐकताना स्पीड ०.७५ करा आणि एकेक वाक्य थांबवून तसंच्या तसं म्हणून बघा.

उच्चार तपासायला माझी आवडती युक्ती म्हणजे फोनचं व्हॉइस टायपिंग. कीबोर्डमधे भाषा इंग्लिश इंडिया ठेवायची, माइक दाबायचा आणि बोलायचं. काय टाइप झालं ते बघा. "लीव्ह" च्या जागी "लिव्ह" आलं तर कुठे चुकतंय ते लगेच कळतं, आणि हसणारं कुणी नसतं. दर वेळी मशीन बरोबरच असतं असं नाही, पण तोच शब्द तीनदा चुकला तर समजा की त्यावर काम करायचंय.

आणि वाक्याच्या शेवटी आवाज पडू देऊ नका. इंग्रजीत कितीदा मुद्द्याचा शब्द शेवटी येतो, "माय सिलेंडर बुकिंग इज कॅन्सल्ड" मधे "कॅन्सल्ड" च ऐकू नाही गेलं तर बोलून काय उपयोग. रेकॉर्ड करून ऐका, शेवटचा शब्द पहिल्याइतकाच ऐकू येतोय का एवढंच बघा.

मग खरी बोलणी. सुरुवात कस्टमर केअरपासून करा, इंग्रजीचा पर्याय दाबा, समोरचा तुम्हाला ओळखत नाही आणि परत कधी भेटणारही नाही. त्यानंतर मेडिकलवाला, बँक, सोसायटी ऑफिस. ऑफिसच्या मीटिंगमधे लवकर बोला, पहिल्या पाच मिनिटांत एखादा साधा प्रश्न जरी विचारला तरी पुढचं सोपं जातं, थांबत गेलं की भीती वाढत जाते. घरातलं कुणी, विशेषतः इंग्लिश मीडियममधलं मूल, चुका काढून हसत असेल तर त्याला शांतपणे सांगा की मी संपवेपर्यंत थांब आणि मग बरोबर शब्द सांग. मुलं ऐकतात. बाहेर कुणी मधेच दुरुस्त केलं तर "थँक्स" म्हणून वाक्य पुढे न्या, तिथे थांबून माफी मागत बसलात की विषय तुमच्या कामावरून तुमच्या इंग्रजीवर जातो.

एक राहिलंच. तुम्ही अडखळताय हे बघून समोरचा कधी कधी हिंदीत शिरतो. काम घाईचं असेल, दवाखाना, पोलीस, हरवलेलं कार्ड, तर बिनधास्त हिंदीत बोला आणि काम उरका. घाई नसेल तर हसून "इंग्लिश इज फाइन, आय ॲम प्रॅक्टिसिंग" म्हणा, बहुतेक लोक लगेच सावकाश बोलायला लागतात. रिक्षावाल्याशी आणि भाजीवाल्या अक्कांशी मात्र इंग्रजी नकोच, तिथे "एष्टु?" (किती?) विचारा, "स्वल्प कम्मी माडी" (थोडं कमी करा) म्हणा, मराठी जिभेला कन्नड पटकन येतं.